चुलीला लावलेले सात दगड

बू इनजाने सत्तावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात भात शिजवला. रोज सहाशे पोरांचा. हंड्याच्या झाकणावर तळहात टेकवला की आत किती पाणी उरलंय ते तिला कळायचं, आणि हाताखालच्या बायका घड्याळाऐवजी तिच्या तोंडाकडे बघायच्या. मग गुडघे गेले. तिने नोकरी सोडली, निवृत्तीचं म्हणून जे हातात पडलं ते घेतलं आणि जेजू शहरातली भाड्याची खोली रिकामी करून बापाच्या घरी राहायला जाणार असं जाहीर केलं. ओळखीचे म्हणाले, बाईच्या गुडघ्यांबरोबर डोकंही गेलं.

त्या घरात एकोणीस वर्षं चूल पेटली नव्हती. गाव जेजू बेटाच्या पूर्वेला, समुद्रापासून आत, जिथे माणसांपेक्षा वारा जास्त वस्तीला असतो. अंगणाच्या एका बाजूला आतलं घर, समोर बाहेरचं घर, मागे संत्र्यांची बाग, आणि बागेच्या कोपऱ्यात दगडी शेतखाना, म्हणजे जुना संडास. पूर्वी त्याच्याखाली डुकरं असत. आतल्या घरात इनजाची आई राहायची, बाहेरच्या घरात बापाची धाकटी बायको. चुली वेगळ्या, लोणच्याची मडकी वेगळी. नवरा तेवढा सामाईक. धाकटीला एक मुलगा झाला, चांगहो. तो आता सॉग्वीपो शहरात एसी आणि शीतगृहाची यंत्रं दुरुस्त करतो. बाप गेला, पाठोपाठ दोघी बायका गेल्या, आणि जमिनीच्या कागदावर इनजा आणि चांगहो अशी दोनच नावं उरली.

चांगहोला जागा विकायची होती. सोलच्या कुणा मंडळींना तिथे मोठ्या काचा लावून कॉफीचं दुकान काढायचं होतं.

"ताई, या वयात एकटी तिथे काय करणार तू? भुतांना भात वाढणार?"

"सहाशे पोरांना वाढलाय. भुतं त्याहून जास्त खातात का?"

"छप्पर खाली आलंय. बाहेरचं घर तर वादळात बसलंच. किती ओतशील त्यात?"

"माझ्याकडे आहे तेवढं ओतीन. तेवढ्यात नाही झालं तर गळक्या घरात राहीन. तुझ्या दारात नाही येणार."

चांगहोने बोटांवर महिने मोजले. मग म्हणाला, "चांद्र वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात बाबांचं श्राद्ध आहे. इतकी वर्षं माझ्या फ्लॅटवर होतंय. यंदा तू त्या घरात कर. त्याच घराच्या चुलीवर रांधून. जमलं तर मी विकणार नाही, राहा सुखाने. नाही जमलं तर हट्ट सोडायचा आणि सही करायची."

"जमलं की नाही हे कोण ठरवणार?"

"जेवणारा."

इनजाला हसू आलं. भाताची पैज, आणि तीही तिच्याशी!

घराला हात लावायला बेटावर वर्षातला एकच आठवडा असतो. ऐन थंडीत देवांच्या बदल्या होतात. जुने देव हिशेब द्यायला वर गेलेले असतात, नवे अजून रुजू व्हायचे असतात, आणि त्या सिंगुगानच्या दिवसांत भिंत पाडा, चूल हलवा, शेतखाना उकरा, विचारायला कोणी नसतं. एरवी नुसता खिळा ठोकला तरी घरातल्या कुणाला तरी बाधा होते. त्यामुळे त्या आठवड्यात अख्खं बेट सामान डोक्यावर घेऊन पळत असतं आणि ट्रकवाले राजासारखं बोलतात.

इनजाने लाकूडकाम आणि पत्र्याचं छप्पर आधीच ठरवून ठेवलं होतं. दगडकामाला तिने को म्हाताऱ्याला धरलं. को शहात्तर वर्षांचा, गावातल्या निम्म्या भिंती त्याच्या, उरलेल्या निम्म्या त्याच्या बापाच्या. आमच्या बेटावर वडीलधारं माणूस, बाई असो की बुवा, साम्चुनच. तशी इनजाही त्याला साम्चुन म्हणायची आणि तो तिला पोरी.

"पोरी, पैसे किती आहेत सांग, म्हणजे भिंत किती जाड ते सांगतो."

"पैसे नाहीत साम्चुन. दगड आहेत. बाहेरचं घर पडलंय ना, त्याचेच घ्या."

"सवतीचं घर पाडून आईचं उभं करतेस?"

"पडलेलंच होतं. मी फक्त वेचतेय."

म्हाताऱ्याने तोंड वाकडं केलं, पण काम चोख केलं. सगळा जीव चुलीत होता. चूल नुसती रांधण्यापुरती नव्हती. तिचा धूर शेजारच्या खोलीच्या फरशीखालून जाऊन भिंतीपलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडायचा होता, म्हणजे एकाच जाळात भातही होईल आणि फरशीही तापेल. जळण बागेतल्या छाटणीचं, फुकट. धुराच्या वाटेला प्रत्येक हाताला एक बोट चढ द्यायचा, मध्ये कुठे सपाटी राहू द्यायची नाही. को दोरी लावून पोटावर पडून मोजत होता. सहा दिवसांत जवळपास सगळं झालं. सातव्या दिवशी दुपारी म्हातारा वाकला तो कंबर धरून वाकलेलाच राहिला. त्याचा जावई त्याला घेऊन गेला आणि चुलीच्या तोंडाशी सात दगड कमी राहिले.

बाहेर बर्फमिश्रित पाऊस होता. बाहेरच्या घराचे दगड संपले होते. बागेच्या भिंतीचा एक दगड काढला तरी वारा आत शिरून फुलोरा झाडून टाकतो. दगडवाल्याला फोन केला तर तो हसला. सात दगडांसाठी, तेही या आठवड्यात, ट्रक! उजाडलं की देव परत. मग वर्षभर चुलीला हात नाही, चूल नाही तर श्राद्ध नाही, श्राद्ध नाही तर घर नाही.

इनजा मागच्या दाराशी उभी राहिली. समोर शेतखाना. चाळीस वर्षं कोरडा, डुकरं केव्हाच गेलेली. दगड मात्र एकेक सपाट तोंडाचा, हाताने घडवलेला, चुलीला हवा तसाच.

शेतखान्याची काडीसुद्धा चुलीकडे न्यायची नाही, हे बेटावर पोराला चालण्याआधी कळतं. चुलीची देवी आणि शेतखान्याची देवी सवती आहेत. एकीने दुसरीला तळ्यात ढकलून मारलं आणि तिचेच कपडे घालून तिच्या संसारात बसली. मेलेलीच्या मुलांना कळलं तेव्हा मारणारी पळाली, ती शेतखान्यात शिरून तिथेच मेली. बुडालेलीचं अंग गारठलं होतं, म्हणून तिला चुलीची जागा मिळाली. तेव्हापासून दोघींची नजरानजर होऊ द्यायची नाही.

पण इनजाने हिशेब मांडला. आज दोघीही गावाला गेलेल्या. उद्या नव्या येतील. नव्या माणसाला कामावर आल्यावर जे टेबल दिसेल ते त्याचं. दगड आधीपासूनच चुलीत असले, तर ते कुठले हे तिला कोण सांगणार? शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या की असंच व्हायचं. तिने ढकलगाडी काढली. सात दगड आणले, उकळत्या पाण्याने तीनदा धुतले, मीठ चोळलं आणि दिवस बुडायच्या आत बसवून टाकले. घट्ट बसले. जणू तिथलेच.

दुसऱ्या सकाळी तिने पहिला जाळ केला.

धूर चांगला ओढला जात होता. हंडा तापला. आणि मग चुलीच्या तोंडाशी कुणीतरी श्वास घेतला. लांब, नाकातून, शेवटी हुंकार. इनजा दचकून मागे सरली. मग तिने स्वतःलाच रागावलं. आमचा दगड ज्वालामुखीचा, भोकाभोकांचा. आत पाणी मुरलेलं असतं, तापलं की वाफ शिट्टी मारत निघते. एवढंच. वास मात्र वाफेचा नव्हता. डोळ्यांत पाणी आणणारा, जुना, तिखट वास होता, आणि तो थेट तिच्या तोंडावर आला.

भात खाली करपला आणि वर कच्चा राहिला.

असं तिच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं. तिने पाणी बदललं, तांदूळ बदलला, जाळ कमी केला, हंडा बदलला. रोज खाली कोळसा आणि वर खडे. मधला एक बोटभर थर तेवढा खाण्याजोगा, तो खाऊन ती दिवस काढायची. शेगडीवर अंगणात तोच तांदूळ, तेच पाणी, मोगऱ्यासारखा भात व्हायचा.

आठवड्याने त्या सात दगडांवर पांढरं काहीतरी फुललं. मिठासारखं, बारीक, केसाळ. पुसलं की रात्रीत परत. बाकी दगड कोरडे काळे. हे सातच पांढरे. इनजाला त्याचंही कारण माहीत होतं: वर्षानुवर्षांचे क्षार दगडात मुरलेले, उष्णतेने बाहेर ओढले जातायत. कारण माहीत असूनही ती त्या दगडांकडे पाठ करून बसेनाशी झाली.

मागचं दार ती रोज आतून कडी लावून बंद करायची. सकाळी ते उघडं असायचं. वाऱ्याने कडी उडते, म्हणून तिने काथ्याने बांधली. सकाळी काथ्या सोडवलेला होता. तुटलेला नव्हता, सोडवून, नीट गुंडाळून चुलीच्या कट्ट्यावर ठेवलेला होता. दारातून समोर शेतखाना दिसायचा, आणि त्याच्या भिंतीत सात दगडांची खिंडारं. धुक्याच्या दिवशी ती खिंडारं जास्तच काळी दिसायची. एका सकाळी इनजा भाजी निवडत बसली होती. मान वर केली तेव्हा तिला वाटलं, सातांपैकी एक खिंडार भरलेलं आहे. ती उठून उभी राहीपर्यंत ते परत रिकामं झालं.

कंबर सुटल्यावर को म्हातारा चूल बघायला आला. आपण अर्धं टाकून गेलेलं काम त्याला झोपू देत नव्हतं. इनजाने बार्लीचा चहा समोर ठेवला. म्हाताऱ्याने चुलीत डोकं घातलं आणि तसाच राहिला.

"कुठले लावलेस हे?"

"होते पडलेले."

"पोरी, माझा बाप डावखुरा होता. त्याच्या छिन्नीचा घाव उलट्या बाजूने उतरतो. हे त्याचे दगड आहेत. आणि तुझ्या घरात माझ्या बापाने एकच काम केलंय."

म्हाताऱ्याने चहाची वाटी हळूच लांब सारली.

"साम्चुन, काढून परत लावून द्या ना. मी दगड धरते."

"आता? आता सगळे रुजू झालेत. हलवणाऱ्याचा हात जाईल. मला अजून या हाताने जेवायचंय."

"आठ दिवसांवर श्राद्ध आहे हो."

"मग अंगणात रांध. पुढच्या सिंगुगानला मी येऊन काढतो, फुकट काढतो. तोवर एक ध्यानात ठेव. दोघींपैकी कुणाची बाजू घेऊ नकोस. सवतींच्या भांडणात घर जळतं. सवती जळत नाहीत."

तो गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून गावातलं कोणी इनजाकडे पाणीसुद्धा प्यायला थांबेना. गल्लीतून जाणारी माणसं तिच्या भिंतीपाशी आली की बोलणं बंद करून चालायची.

श्राद्धाच्या दिवशी चांगहो सकाळीच आला, एकटा. बायकोची कामावर पाळी होती. हातात वाळवलेला मासा, डुकराचं मांस आणि बापाला आवडायचा म्हणून स्पंज केक. छपराकडे, भिंतींकडे बघून त्याने मान डोलावली. धुराड्यापाशी हात धरून हवेची ओढ पाहिली, ती पाहून खूश झाला. मग त्याला अंगणातली गॅसची शेगडी दिसली.

"हे काय? चुलीवर ठरलं होतं."

"चूल अजून ओली आहे."

"दीड महिना झाला. ओली कशी? बाजूला सर, मी बघतो."

"नको."

"अगं, माझा धंदाच आहे हा." त्याने चुलीत हात घातला, राख उपसली, मागची वाट साफ केली, आरसा धरून आत पाहिलं. "ताई, यात एक दोष नाही. लाव बघू."

इनजाने भात लावला. चांगहो समोर उकिडवा बसून बघत होता. हुंकार आला. त्याचे डोळे मोठे झाले, पण तो बसून राहिला. वास आला. थोड्या वेळाने इनजाने झाकण काढलं: खाली कोळसा, वर खडे. ती तिथेच जमिनीवर बसली. सत्तावीस वर्षांत ती कुणासमोर रडली नव्हती, आताही रडली नाही, फक्त हातातला डाव खाली ठेवला.

"हरले मी," ती म्हणाली. "कागद आणला असशील तर दे." आणि मग, तोंड उघडलंच होतं म्हणून, तिने दगडांचं सगळं सांगून टाकलं.

चांगहो आधी हसला. "शाळेतल्या मुख्याध्यापिका! देवांना गंडवायला निघालीस होय!" मग हसू ओठांवरच विझलं. तो उठून मागच्या दाराशी गेला आणि शेतखान्याकडे बघत राहिला.

"माझ्या आईला तू काय म्हणायचीस, आठवतं?"

इनजाला आठवत होतं.

"मी आठ वर्षांचा होतो. तू सोळाची. आईला ताप होता, तिने मला विस्तव मागायला इथे पाठवलं आणि मागून स्वतःही आली. तू या दारात उभी होतीस. म्हणालीस, शेतखान्यातली आली, दार लावा."

"माझी आई म्हणायची. मी ऐकून..."

"माहीत आहे कुणाचं ऐकून." त्याचा आवाज चढला नाही. "एकतीस वर्षं ती या अंगणात राहिली. दर श्राद्धाला बाहेर भिंतीपाशी बसून तुमचे हंडे घासले. या उंबऱ्याच्या आत तिचा पाय कधी पडला नाही."

चुलीत जाळ नव्हता. राख गार होती. तरी दगडांनी श्वास घेतला, आणि या वेळी तो बाहेर सोडला नाही. दोघंही ऐकत थांबले. बराच वेळ काही झालं नाही.

"तो गॅस बंद कर," चांगहो म्हणाला.

तो चुलीसमोर गुडघ्यांवर बसला. संत्र्याच्या काटक्या रचल्या, आणि काडी ओढण्याआधी वडीलधाऱ्यांसमोर वाकावं तसं खाली वाकून, दगडांशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटला. इनजाला शब्द कळले नाहीत. जाळ पकडला. धूर नाही, वास नाही, आवाज नाही. इतका शांत जाळ इनजाने कधी पाहिला नव्हता. काटक्यासुद्धा तडतडत नव्हत्या.

तिने धुतलेले तांदूळ हंड्यात घातले आणि सवयीने पाणी मोजायला हात पुढे केला. पाणी आधीच बरोबर होतं. चांगहो लाकडं आणायला बागेत गेला होता.

भात शिजत आला तेव्हा ती झाकणावर तळहात टेकवायला वाकली आणि थांबली. झाकणावर वाफेचे थेंब जमले होते, आणि मधोमध एक तळहात कोरडा होता. पाची बोटं स्पष्ट. तिने आपला हात त्यावर धरून पाहिला. तो हात तिच्याहून लहान होता. कोरडी जागा बघता बघता थेंबांनी भरून गेली.

इनजाने हात मागे घेतला आणि हंडा कधी उतरवायचा ते आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या मर्जीवर सोडलं. थोड्या वेळाने जाळ आपोआप बसला. तेव्हा तिने झाकण काढलं. असा भात शाळेतसुद्धा कधी झाला नव्हता.

संध्याकाळी विधी झाला. आधी दाराच्या देवाचं ताट, मग बापाचं. दाराच्या ताटातलं थोडं थोडं काढून इनजा रीतीप्रमाणे चुलीपाशी ठेवायला गेली, एका वाटीत. चांगहो मागून आला आणि त्याने शेजारी दुसरी वाटी ठेवली. दोन्हींत सारखा भात आहे की नाही ते वाकून पाहिलं, एका वाटीत चिमूटभर कमी वाटला तो भरला.

मग तो जेवायला बसला. सावकाश जेवला, दोनदा भात मागून घेतला.

"जमलं," तो म्हणाला. "विकत नाही मी. राहा तू."

इनजाने दोन्ही हातांनी त्याच्या पेल्यात दारू ओतली.

"पण एक. दगड काढायचे नाहीत."

"को साम्चुन पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी नाही. त्याच्या पुढच्या वर्षी नाही. कधीच नाही. एवढ्या वर्षांनी आत आलीये, आता बाहेर काढायची नाही."

"चांगहो, इथे मी राहायचंय. एकटीने. दोघींच्या मध्ये."

"हो," तो म्हणाला. "आम्ही नाही का राहिलो?"

इनजाने स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे दिवा नव्हता, पण चुलीच्या निखाऱ्यांचा उजेड भिंतीवर होता, आणि त्या उजेडातून काहीतरी एकदा इकडून तिकडे गेलं आणि थोड्या वेळाने तिकडून इकडे आलं, सावकाश, जशी घरची बाई मागचं आवरत असते. तिने पेला उचलला, वडीलधाऱ्यांसमोर पिताना वळवतात तसं तोंड वळवून रिकामा केला आणि म्हणाली, "बरं."

ती अजून तिथेच राहते. बाग नीट राखते, घराला एक पै जास्त लागली नाही याचा तिला अभिमान आहे. भात सहसा चांगला होतो. एखाद्या दिवशी खाली करपतो, एखाद्या दिवशी वर कच्चा राहतो. मग ती कुणाला काय लागलं असेल याचा विचार करते आणि त्या दिवशी मोठ्याने बोलत नाही. आत जेवायला चांगहोशिवाय कोणी येत नाही.

परवा को म्हातारा गल्लीतून चालला होता. भिंतीपाशी येऊन तो थांबला. तेवढं करणारा गावात तोच एक.

"पोरी, बरी आहेस ना?"

इनजा संत्री तोडत होती. तिने मागे वळून घराकडे पाहिलं, क्षणभर ऐकलं आणि मग हसून म्हणाली, "तिघीही बऱ्या आहोत, साम्चुन."